हसू आणि हसे : मराठी विनोदातील ध्वनीचा एक शोध

'हसू' आणि 'हसे' या दोन शब्दांत फरक आहे तो केवळ अखेरच्या स्वराचा. हसू येते आणि हसे होते. ऊचा ए झाला की हसणारा माणूस हसण्याचा विषय होतो. विनोदातील ध्वनीविषयी गेली अनेक वर्षे मी ज्या नोंदी करत आलो आहे, त्यांचे सार या दोन शब्दांतच आहे. पण तिथे पोचण्याआधी वाचकांनी एक साधा प्रयोग करून पाहावा.

पुढील वाक्य मोठ्याने वाचा : 'कै. रावसाहेब हे थोर देशभक्त, व्यासंगी विद्वान, निष्णात वैद्य आणि भोजनप्रिय गृहस्थ होते.' हे वाक्य कोणत्याही शोकसभेत खपून जाईल. आता शेवट बदला : '...निष्णात वैद्य आणि पट्टीचे भजीखाऊ होते.' सभा कितीही गंभीर असो, मागच्या रांगेत कोणाला तरी खोकल्याची उबळ येणार.

यावर सरळ आक्षेप असा की, येथे गंमत ध्वनीची नाही, संस्कृत शब्दांच्या रांगेत अचानक भजी आली याची आहे. आक्षेप रास्त आहे. म्हणून तिसरा पाठ घ्या : '...निष्णात वैद्य आणि भजी आवडीने खाणारे होते.' भजी तीच, मराठी तीच, अर्थही तोच. पण हसू निम्म्याहून अधिक ओसरले. गेले ते काय? 'पट्टी'तील ट्टचा ठोका गेला आणि 'भजीखाऊ' या आवळलेल्या जोडशब्दाचा झटका गेला. अर्थाने विनोदाची जागा तयार केली होती. तिथे धक्का दिला तो ध्वनीने. या धक्क्याचे स्वरूप काय, हा या लेखाचा पहिला प्रश्न. तो धक्का नेमका कोणाला बसतो, हा दुसरा. माझ्या मते दुसरा अधिक महत्त्वाचा आहे.

क हसवत नाही

इंग्रजी विनोदकारांत एक समजूत जुनी आहे की 'क' हा ध्वनी असलेले शब्द हसवतात. नील सायमन यांच्या १९७२ च्या 'द सनशाइन बॉइज' या नाटकातील म्हातारा विनोदी नट आपल्या पुतण्याला हेच सूत्र समजावून सांगतो. पुढे कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठातील ख्रिस वेस्टबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरर्थक शब्दांवर प्रयोग केले. त्यांचे २०१६ साली प्रसिद्ध झालेले अनुमान असे की, भाषेत ज्या अक्षरजोड्या क्वचित आढळतात, त्यांनी बनलेला शब्द लोकांना अधिक मजेशीर वाटतो.

यातील पहिले सूत्र मराठीत आणून पाहिले की ते जागच्या जागी कोसळते. कमळ, कविता, करुणा, किरण, कोकिळा, कस्तुरी : आपला क काव्यात इतका मुरलेला आहे की त्याला पाहून कोणी हसत नाही. दुसरे अनुमानही मराठीला पुरते लागू पडत नाही, कारण मराठीत हसवणारे ध्वनी दुर्मिळ नाहीतच. ते आपल्या स्वयंपाकघरात रोज वाजतात. ताट, वाटी, पीठ, मीठ, पोळपाट, लाटणे, आमटी, पिठले. शरीर घ्या : डोके, डोळा, ओठ, पाठ, पोट, बोट, गुडघा, टाच. आता यांची भारदस्त रूपे आठवा : मस्तक, नेत्र, उदर, अंगुली, पाद. ओष्ठ आणि पृष्ठ यांसारखे अपवाद सोडले, तर सोवळ्यातून घरगुती मराठीत उतरताना आपली जीभ बहुधा दातांकडून टाळूकडे वळते. ट, ठ, ड, ढ आणि त्यांचा सख्खा शेजारी ळ ही मराठी देहाची आणि मराठी चुलीची अक्षरे आहेत. दर्जा आणि ध्वनी वेगळे काढणे मराठीत अवघड जाते ते यामुळे. दोन्ही एकाच पायरीवरून खाली उतरतात.

मम्मटाचा नियम आणि मराठीचे प्रत्यय

जुन्या काव्यशास्त्राला या वर्गाची चांगली ओळख होती. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त माधुर्य गुणाला अनुकूल वर्ण सांगताना टवर्ग बाजूला काढला. ऱ्हस्व स्वरासह येणाऱ्या ण ला मात्र त्याने माधुर्यात जागा दिली. ट, ठ, ड, ढ, जोडाक्षरे, द्वित्त आणि लांबलचक समास यांना त्याने ओज गुणात बसवले. ओज शोभते ते वीर, बीभत्स आणि रौद्र रसांत. म्हणजे ट हा रणांगणावरचा ध्वनी.

मराठी विनोदाने केले ते एवढेच : रणांगणाचा हा ध्वनी उचलला आणि बटाट्यावर ठेवला. तलवारीचा खणखणाट लाटण्याला दिला. शौर्याचा आवाज आणि भज्यांचा विषय यांची गाठ पडली की विसंगती जन्मते, आणि ती ऐकणाऱ्याच्या मनात पोचण्याआधी बोलणाऱ्याच्या तोंडात घडते. ट उच्चारताना जीभ मागे वळते, टाळूला अडते आणि सुटते. त्यात एक छोटी कुस्ती असते. क्षुल्लक गोष्टीसाठी एवढी कुस्ती करावी लागते, हाच मुळात विनोद आहे.

पण याहून बोलका पुरावा व्याकरणात आहे. मराठी एखाद्याला कमी लेखते ती कोणत्या प्रत्ययांनी, हे पाहावे. चोर-चोरटा, पोर-पोरटे, पोर-पोरकट, मळ-मळकट, तेल-तेलकट, खुळा-खुळचट, वेडा-वेडगळ. त्यांच्या पंगतीला बावळट, वेंधळा, टवाळ, गोंधळ, घोटाळा बसलेलेच आहेत. शब्दाचे मोल उतरवायचे असले की मराठी त्याच्या शेपटीला ट किंवा ळ बांधते. ळ तर मराठी शब्दाच्या आरंभी कधी येतच नाही. तो नेहमी मागाहून येतो, आणि विनोदातला जोर शेवटालाच लागतो.

मोल उतरवण्याची दुसरी युक्ती म्हणजे प्रतिध्वनी-शब्द. चहाबिहा, लग्नबिग्न, अध्यक्षबिध्यक्ष. हिंदी येथे व वापरते आणि चाय-वाय म्हणते. मराठीने बि निवडला. 'ते आता अध्यक्षबिध्यक्ष झाले आहेत' या वाक्यात एकही वाईट शब्द नाही, तरी अध्यक्षमहाशयांची खुर्ची एका पायाने लंगडी झालेली असते. मूळ शब्दच बिने सुरू होत असेल तर मराठी माणूस अडून बसत नाही. बिस्कीट-फिस्कीट म्हणून पुढे जातो.

येथवर सारे जुळून आले असे वाटत असतानाच एक शब्द समोर उभा राहतो आणि सिद्धान्ताला थांबवतो. तो शब्द म्हणजे विठ्ठल. ठ आहे, तोही द्वित्त. मम्मटाच्या हिशेबाने ओजाचा अर्क. तरी त्याला कोणी हसत नाही. उलट पंढरी, आळंदी, विठ्ठल ही मराठी माणसाची सर्वांत मऊ नावे. मुलांशी बोलताना आपण लाडका, गोंडस, गुटगुटीत, बाळ, कोवळा, चिमुरडी असेच शब्द शोधतो. ज्या ध्वनींनी हिणवतो त्यांनीच लाड करतो.

या अडचणीने मला माझा सिद्धान्त दुरुस्त करायला लावला. टवर्ग आणि ळ मुळात हसवत नाहीत. ते शब्दाला जवळ आणतात. मस्तक दूरचे असते, डोके आपले असते. जवळ आलेल्या गोष्टीला कवटाळायचे, तिच्याशी थट्टा करायची की तिला खाली पाडायचे, हे ध्वनी ठरवत नाही. कोण कोणाला, कुठे उभे राहून बोलतो आहे, यावर ते ठरते.

नावांचे काम

हा नियम घेऊन आपले विनोदी वाङ्मय पुन्हा वाचले की काही जुन्या गोष्टी नव्याने ऐकू येतात. चिं. वि. जोशी यांनी भित्र्या, किडकिडीत नायकाला चिमणराव हे नाव दिले आणि त्याच्या दांडग्या जोडीदाराला गुंड्याभाऊ. पहिल्या नावात चिमणीची चिवचिव आहे, दुसऱ्यात ण्ड्यचा दणका. ही माणसे देहाने दिसण्याआधी नावाने दिसतात. त्यांच्या पुस्तकांची नावे पाहा : 'चिमणरावांचे चऱ्हाट', 'एरंडाचे गुऱ्हाळ'. ऱ्हा हा खास मराठी ध्वनी, त्याच्या मागे ट किंवा ळ. दोन्ही शब्दांचा अर्थ लांबण लावणे या अंगाने जातो आणि उच्चारही तोंडात लांबत जातो.

आचार्य अत्रे यांनी १९२५ साली केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले' काढली. विडंबनात ध्वनीचे काम उलट्या बाजूने चालते. तेथे वृत्त, यमक, चाल सारे भारदस्त राहते आणि आत विषय तेवढा घसरतो. म्हणूनच ज्या वाचकाच्या कानात मूळ कवितेची चाल नाही, त्याला विडंबन अर्धेच पोचते. संग्रहाचे नावसुद्धा याच कामाला लागले आहे. जाई, जुई, पारिजात सोडून कवीने झेंडू घेतला : गंधाने उग्र, उच्चाराने ठसठशीत.

पु. ल. देशपांडे यांच्या १९५८ च्या 'बटाट्याची चाळ' या नावात ट दोनदा आणि शेवटी ळ आहे, हे सांगायला संशोधक लागत नाही. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा सखाराम गटणे. हा मुलगा छापील, संस्कृतप्रचुर मराठी बोलतो. त्याचे आडनाव मात्र गटणे. बोलणे वर उडते, आडनाव खाली ओढते. येथे हसू येते ते अशुद्धाला नव्हे, अतिशुद्धाला; आणि त्या हसण्यात लेखकाची माया शिल्लक राहते. अंतू बर्वा त्याच्या पलीकडचा. रत्नागिरीचे सानुनासिक बोलणे हा त्याच्यातला दोष म्हणून येत नाही, ते त्याचे हत्यार आहे. आपण त्याच्या उच्चाराला हसत नाही. त्या उच्चारातून तो जगाला हसतो आणि आपल्याला सोबत घेतो.

ग्रामीण विनोदातही हा भेद दिसतो. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनातून आपल्या कथा गावोगाव ऐकवल्या, आणि छापील कथेत झोपलेला ध्वनी जागा झाला. 'धिंड' किंवा 'माझ्या बापाची पेंड' ही शीर्षके मोठ्याने म्हणून पाहा. शेवटचा ण्ड कसा आदळतो ते कळेल. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या १९६५ च्या लोकनाट्याने तर इच्छेची विच्छा करून शीर्षकातच बोली बसवली. पण तिथे बोली बोलणारा सोंगाड्या हा हसण्याचा विषय नसतो. तो बोलतो आणि हसे होते ते दरबाराचे. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या शब्द चुकीचा ऐकतो, तेव्हाही त्याचे ऐकणे पक्के असते. चुकीची असते ती समोरच्याची ऐट.

लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगाचे नावही असेच कानांनी वाचावे. यातले वऱ्हाड म्हणजे प्रांत नव्हे, लग्नाचे वऱ्हाड. वऱ्हाड आणि लंडन या दोन टोकांच्या शब्दांत एक ड समाईक आहे. त्या एका अक्षरावरून मराठवाड्यातले खेडे थेट साहेबाच्या राजधानीत उतरते. पन्नासहून अधिक पात्रे एकटा नट उभी करत असे, आणि मराठवाड्याचे प्रेक्षक आपल्याच बोलण्याला पोट धरून हसत. ते हसू होते. त्यात हसे कोणाचे झाले नाही, कारण आवाज आतून आला होता.

काया

आता ज्या प्रांताला वऱ्हाड म्हणतात तिकडची एक गोष्ट. ती स्वतःची आहे आणि संशोधनपर लेखात शोभणार नाही, असे मला बरीच वर्षे वाटत होते. पण माझ्या सगळ्या नोंदींची सुरुवात तिथे आहे.

माझे बालपण वऱ्हाडातल्या एका खेड्यात गेले. आमच्या बोलीत ळचा य होतो. डोळा नव्हे, डोया. केळी नव्हे, केयी. पाचवीला मी शहरातल्या शाळेत आलो. पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी धडा वाचायला उभे केले. धड्यात काळा हा शब्द होता. मी ठणठणीत आवाजात काया वाचले. गुरुजी हसून म्हणाले, 'काया? अरे, मग आत्मा कुठे ठेवून आलास?'

वर्ग फुटला. मीही हसलो. आज चाळीसहून अधिक वर्षांनी त्या वाक्याची चिरफाड करतो, तेव्हा मान्य करावेच लागते की विनोद उत्तम होता. एका वर्णाच्या फरकाने अर्थ उडी मारतो, घरगुती शब्दाच्या जागी तत्त्वज्ञानातला शब्द येतो, आणि काया-आत्मा या जोडीने वाक्य नेमके बंद होते. मी वर दिलेल्या सगळ्या कसोट्यांवर ते खरे उतरते. गुरुजी दुष्ट नव्हते. त्यांना शब्द सुचला आणि तो आवरला नाही.

मात्र त्यानंतर वर्षभर मी वर्गात मोठ्याने वाचले नाही. सुट्टीत घरी गेलो. आजीने फणी पुढे केली आणि म्हणाली, 'केयी खाय.' आयुष्यात पहिल्यांदा मला तिचा य ऐकू आला. तोवर तिच्या बोलण्यात मला फक्त केळी दिसत. त्या दिवशी केळ्याआधी उच्चार दिसला, आणि मला तिची थोडी लाज वाटली. त्या लाजेची लाज वाटायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

ज्यांच्या तोंडी पाणीचे पानी आणि लोणीचे लोनी होते, त्यांना हे सांगावे लागणार नाही. न आणि ण यांच्यात जिभेचे अंतर बोटाच्या पेराएवढेही नसेल. पण त्या अंतरात महाराष्ट्राने जात, गाव आणि शाळा असे बरेच काही बसवले आहे. नाटक-सिनेमातला नोकर, गडी, शिपाई रंगमंचावर येऊन नुसते आनी-पानी म्हणतो आणि हशा घेऊन जातो. त्याच्या वाक्यात विनोद नसतो. विनोदाची जागा त्याच्या उच्चाराने भरलेली असते. काव्यशास्त्राने ग्राम्यता हा दोष मानला आणि हलक्या पात्रांच्या तोंडी तोच गुण ठरतो, अशी सूट दिली. ती सूट आपण इतकी वापरली की, उच्चार ऐकूनच पात्र हलके ठरवण्याची सवय जडली.

शकार आणि स्थावरक

मग उच्चारावरचा विनोद करूच नये काय? असे मी म्हणणार नाही. तसे केले तर भाषेतली निम्मी गंमत जाईल. उत्तर शोधताना मला जुनाच ग्रंथ उपयोगी पडला. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकातला राजाचा मेहुणा शकार. गोविंद बल्लाळ देवल यांच्या रूपांतरामुळे मराठी रंगभूमीलाही तो परका नाही. शकार स च्या जागी श म्हणतो आणि त्या ध्वनीवरूनच ओळखला जातो. उच्चारातून विनोद काढण्याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही. तो रामायणातली माणसे महाभारतात घालतो, एकाच अर्थाचे शब्द एकापुढे एक रचतो, आणि प्रत्येक वाक्यात त्याचा श फुत्कारत असतो. प्रेक्षक हसतात.

पण याच नाटकात त्याचा गाडीवान नोकर आहे, स्थावरक. तो मागधी प्राकृत बोलतो, आणि मागधीतही स चा श होतो. चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेनही मागधीच बोलतो. म्हणजे एकच श तीन तोंडांत आहे. वसंतसेनेला मारून टाक, असा हुकूम शकार सोडतो. नोकर असूनही स्थावरक तो मानत नाही. त्या वेळी त्याच्या श ला कोणी हसत नाही, तिथे मान लवते. मातीच्या गाडीवर रुसून सोन्याची गाडी मागणाऱ्या रोहसेनचा श ऐकून गळा दाटतो. आणि शकाराचा श ऐकून हसू फुटते, कारण त्या श च्या मागे राजाची सत्ता आहे, मस्ती आहे आणि दुसऱ्याच्या जिवाची पर्वा नाही.

ध्वनी तोच, हसू वेगळे. ध्वनीत हसू नसते, हे सिद्ध करायला मला याहून चांगला प्रयोग कोणत्याही प्रयोगशाळेत सापडला नसता.

समीक्षेचे काम

आपल्याकडे विनोदाची समीक्षा बहुधा अर्थाची होते : विसंगती, अतिशयोक्ती, उपरोध, कोटी. ध्वनी आला तर अनुप्रास आणि यमक यांपुरता. माझी सूचना दुहेरी आहे. पहिली ही की विनोदी लेखन कानांनी वाचावे. शब्द बदलून पाहावा, प्रत्यय काढून पाहावा, वाक्य उलटे करून पाहावे. हसू कुठे गळते ते लगेच कळते, आणि लेखकाने ते कुठून आणले होते तेही.

दुसरी सूचना अशी की, एखाद्या उच्चाराने हशा पिकला की दोन प्रश्न विचारावेत. हा उच्चार काढून घेतला तर विनोद उरतो का? आणि ज्याचा हा उच्चार आहे, तो माणूस या हशात बसू शकतो का? अंतू बर्व्याच्या बाबतीत दोन्ही उत्तरे होकारार्थी येतात. वऱ्हाड लंडनला निघते तेव्हाही येतात. रंगमंचावरच्या त्या नावाशिवायच्या गड्याच्या बाबतीत दोन्ही नकारार्थी येतात. माझ्या गुरुजींच्या विनोदाची गंमत अशी की, तो माझ्या उच्चारावरच उभा होता, तरी चांगला होता. फक्त त्या वर्गात मला बसायला जागा उरली नव्हती.

आता मी ळ स्वच्छ उच्चारतो. व्याख्यानात कोणाला माझा प्रांत ओळखू येत नाही. आजी जाऊन बरीच वर्षे झाली. बाजारात केळीवाला दिसला की मात्र मनात आधी केयी येते, मग जीभ मागे वळते आणि केळी बाहेर पडते. त्या क्षणभराच्या वळणावर मला अजून हसू येते. तेवढे हसे न होता उरले आहे.